न वाचलेला आकडा

दोन हजार एकोणीस साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि त्या वर्षी मी जन्मातली पहिली रायफल विकत घेतली. आज हे लिहायला बसलो त्याला कारण एक वास. काल संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो, तर आमच्या ओळीतल्या तिसऱ्या घराचं गराज उघडं होतं आणि आतून तेलाचा वास येत होता. स्वयंपाकाच्या तेलाचा नव्हे, गाडीच्याही नव्हे. बंदुकीची नळी पुसायच्या तेलाचा. थोडा गोडसर, थोडी रॉकेलची याद देणारा, नाकात शिरला की घशामागे जाऊन बसणारा. डोळे माणसाला फसवतात, कान तर माझे केव्हाच संपावर गेलेत, पण नाक मोठं इमानी. त्यानं मला तिथंच, फुटपाथवर, खुंट्याला बांधल्यासारखं उभं केलं.

त्या घरात नागपूरचा एक इंजिनिअर राहतो. तिशी ओलांडलेली, बायको आहे, चिमुरडी मुलगी आहे. मित्राची रायफल पुसून देत बसला होता. मला बघून ओशाळला.

"काका, या ना. तुम्हाला चालतं ना हे? बंदूक वगैरे?"

"चालतं म्हणजे? चालवायचीच असते ती."

तो हसला. म्हणाला, "यार काका, मलापण घ्यायचीय. चार महिने झाले नुसते रिव्ह्यू वाचतोय, डोकं आउट झालंय. बजेट पाचशे डॉलरचं. त्यात स्कोप बसवायचा, गोळ्या बसवायच्या. बायको म्हणते, एवढ्या पैशात वर्षभराचं मटण येईल, तेही सोललेलं."

मग मी त्याला सांगत सुटलो. स्वतःला थांबवता आलं नाही. पैसे सगळे रायफलीत ओतू नकोस, निम्म्याहून थोडे जास्त तिच्यात घाल, बाकीचे दुर्बिणीला आणि सरावाला ठेव. सराव नसलेल्या माणसाच्या हातात महागडी बंदूक म्हणजे आंधळ्याच्या हातात आरसा. जुनी घेतलीस तरी बिघडत नाही, पण नळीत उजेड सोडून आतून बघ, गंज दिसला तर पुढचं बोलणं बंद. गोळ्या साध्याच घे. हरणाला तुझ्या डब्यावरचं सोनेरी अक्षर वाचता येत नाही. मात्र ज्या गोळ्यांनी नेम बसवशील त्याच शेवटपर्यंत वापर, डबा बदलला की नेम बदलतो. तो भराभरा फोनवर टिपून घेत होता. शेवटी मी म्हणालो, "आणि गोळीचा आकडा इंग्रजीत लिही."

"काका, मराठीत कोण लिहितं आता?"

घरी आलो, चहा टाकला आणि तो पातेल्यातच आटून गेला.

मी इचलकरंजीचा. शाळा चौथीपर्यंत, पुढं पॉवरलूम. जॉबर होतो मी, म्हणजे मागाचा मिस्त्री. माग बिघडला की लोक मला हाक मारायचे आणि मी नुसत्या खडखडाटावरून सांगायचो की दुखणं कुठं आहे. इथं राहणाऱ्या बहिणीनं कागद केले, आणि चाळिशीत मी, बायको आणि दहा वर्षांची लेक असे इथं अमेरिकेत, कॅरोलायनात आलो. इथं तेव्हा कापडाच्या गिरण्या होत्या. माग सगळीकडे सारखेच रडतात, त्यामुळं भाषेवाचून माझं काही अडलं नाही. पुढं गिरणी बंद पडली, मग मी अपार्टमेंटमधले नळ आणि दारं दुरुस्त करत निवृत्त झालो. आकडे मला इंग्रजीतले येतात, टेपवरचे, मीटरवरचे सगळे येतात. पण हात लिहायला लागला की तो चौथीच्या पाटीवरच जातो. मी चिठ्ठी लिहिणार ती आपल्या अक्षरांत, आपल्या आकड्यांत. त्याची कधी अडचण झाली नाही, कारण माझ्या सगळ्या चिठ्ठ्या लेक वाचायची. बायको गेल्यावर तर घराचा सगळा बाजार तीच आणायची. बाजाराची असो, औषधाची असो, स्क्रूच्या मापाची असो, ती चिठ्ठी हातात घेऊन दुकानात उभी राहायची आणि माझं वाकडंतिकडं अक्षर या देशाला समजावून सांगायची.

तिनं लग्न केलं ते इथल्याच मुलाशी. डोंगराकडचा, गोरा, लाल दाढीचा, झाडं तोडायचा धंदा करणारा. मी कोर्टातल्या लग्नाला गेलो आणि एक अक्षर न बोलता परत आलो. पुढं अकरा वर्षं मी त्याला त्याच्या नावानं हाक मारली नाही, जावई म्हणून तर नाहीच. 'तो'. तो आला का, तो जेवला का. तो मात्र पहिल्या दिवसापासून मला बाबा म्हणायचा. ती म्हणते म्हणून तोही म्हणायचा. लेक आम्हा दोघांच्या मध्ये बसायची, माझं मराठी त्याला इंग्रजीतून द्यायची आणि त्याचं इंग्रजी मला मराठीतून. मला अजून वाटतं, देताना ती दोन्हीकडं थोडी साखर घालत होती. आम्ही एकमेकांना बोललो त्यापेक्षा किती तरी गोड तिनं आम्हाला ऐकवलं.

दोन हजार अठराच्या शेवटाला तिच्या मेंदूत रक्त सांडलं. स्वयंपाकघरात उभी होती, ती बसली, तशीच आडवी झाली. त्यानं तिला उचलून गाडीत घातली आणि आठ मिनिटांत हॉस्पिटलात पोचवली. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा लवकर कुणीच आणू शकलं नसतं. अकरा दिवस ती यंत्रांच्या मध्ये निजून होती. त्या अकरा दिवसांत माझं होतं नव्हतं ते इंग्रजी पळून गेलं. नर्स आली, डॉक्टर आला, झाडूवाली आली, मी प्रत्येकाला एकच विचारायचो, "वाचेल ना?" भिंतीलाही विचारलं असेल. आमच्यासाठी डबा घेऊन येणाऱ्या एक काकू होत्या, त्यांना त्यानं बाजूला घेऊन विचारलं, हे काय म्हणतात सारखं? त्यांनी त्याला अर्थ सांगितला. मी ते लांबून बघितलं होतं. ती वाचली नाही.

ती गेल्यावर आम्ही दोघं उरलो. मधला माणूस उठून गेलेल्या बाकावर दोघं जण दोन टोकांना बसून राहावेत तसे. तो दर रविवारी यायचा. गवत कापायचा, छपराच्या पन्हळीतली पानं काढायचा, दोन कप चहा प्यायचा. "ओके, बाबा?" "ओके." एवढंच. मी मनात म्हणायचो, हा कशाला येतो? आणि रविवारी अकरा वाजून गेले, त्याचा ट्रक दिसला नाही, की दारात जाऊन उभा राहायचो.

जुलैमधल्या एका रविवारी त्यानं कप ठेवला आणि सांगितलं की घर विकायला काढलंय. त्या घरात राहवत नाही. नोव्हेंबरात डोंगरात आईकडे जायचं, तिकडंच काम बघायचं. मग म्हणाला, "जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर रानात चला, बाबा. हरणाच्या शिकारीला. माझ्या काकाची जमीन आहे. तिला फार हौस होती, आपण दोघांनी जावं म्हणून. माझ्याकडे जास्तीची रायफल आहे."

हा गेला की या देशात मला बाबा म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. तो एक दिवस हातात होता. त्या दिवसात जे काय बोलायचं ते बोलता आलं असतं, नाही तर नुसतं शेजारी बसता आलं असतं. पण तोंडातून काय निघालं? "मी उसनं हत्यार धरत नाही. माझी मी घेईन. आणि त्या दिवसापर्यंत दाखवणार नाही."

"काय, सरप्राइज आहे का?" तो हसला. लेक गेल्यापासून पहिल्यांदा हसला असेल.

मग मी रायफल शोधायला लागलो. खरं सांगतो, ते चार महिने माझ्या म्हातारपणातले सगळ्यांत चांगले. आधी परवान्याचा कोर्स केला, त्या वर्गात माझ्याशिवाय सगळ्यांचे दात स्वतःचे होते. मग दुकानं पालथी घातली. नव्या बंदुका स्वस्त होत्या, प्लास्टिकच्या दस्त्याच्या, दुर्बीण वर बसवून मिळणाऱ्या. वाईट नव्हत्या, पण हातात धरल्या की खेळण्यासारख्या वाटायच्या. दुकानदार म्हणायचे, थर्टी-ऑट-सिक्स आकड्याची घ्या, त्यानं अस्वलसुद्धा पडतं. मी म्हणायचो, मला अस्वलाशी काय वैर? माझा उजवा खांदा चाळीस वर्षं मागाला टेकून झिजलाय, तो असला धक्का सोसायचा नाही. दुसरे म्हणायचे टू-फॉर्टी-थ्री घ्या, धक्का कमी. पण ती मला बारीक वाटली. शेवटी गावाबाहेरच्या एका जुन्या-पान्या दुकानात मला माझी बंदूक भेटली. भेटली असंच म्हणतो. अक्रोडाचा दस्ता, त्यावर कुणाच्या तरी गालानं घासून पडलेली चकाकी. आकडा दोनशे सत्तर, म्हणजे तिला त्याच आकड्याची गोळी लागते. मी तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, मागं ओढला, पुढं ढकलला, परत ओढला आणि कान लावून ऐकला. तेल पाजलेल्या मागाचा धोटा जसा सुतांमधून घरंगळतो तसा तो आवाज. कुठं खरखर नाही, कुठं अडखळ नाही. नळीत बघितलं, आतला पीळ आरशासारखा. दुकानदार म्हणाला, दुर्बीण जुनी आहे. मी म्हणालो, मीपण आहे.

गोळ्यांचा एक डबा तिथंच मिळाला, शेवटचा होता. एकटाच सरावाच्या मैदानावर गेलो आणि वीसच्या वीस उडवल्या. पहिल्या दहा कुठं गेल्या ते त्या मातीलाच ठाऊक. शेवटच्या पाच मात्र माझ्या तळहाताखाली झाकतील अशा बसल्या. एवढा आनंद झाला की गाडीत बसून फोन काढला, लेकीचा नंबर लावला, आणि घंटी वाजायच्या आत मला आठवलं.

शिकारीचा दिवस जवळ आला, शनिवार ठरला. तो रविवारी निघणार होता. त्या आठवड्यात माझी कंबर धरली, गाडी चालवता येईना. तो म्हणाला, माझ्या वाटेवर बंदुकांचं दुकान आहे, गोळ्या कुठल्या हव्यात ते लिहून द्या. मी कागद घेतला आणि ठसठशीत लिहिलं, २७०. खाली रेघ मारली. दोन बोटं वर केली, म्हणजे दोन डबे. त्यानं चिठ्ठी खिशात घातली. मला त्यात काही वेगळं केलं असं वाटलंच नाही. आयुष्यभर मी असाच लिहीत आलो आणि माझं लिहिलेलं वाचलं जात आलं.

शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही रानात एका कापडी आडोशात दोन खुर्च्यांवर बसलो. हवा चांगलीच बोचत होती. मी रायफल कव्हरातून काढली आणि त्याच्यापुढं धरली. त्यानं अंधारातच तिच्यावरून हात फिरवला आणि हळूच शीळ घातली. म्हणाला, "सुंदर आहे, बाबा." त्या क्षणी मी जगातला सगळ्यांत श्रीमंत माणूस होतो. त्यानं डबा दिला. मी काडतूस हातात घेतलं आणि माझ्या बोटांना कळलं. आखूड होतं. बोल्टपुढं धरलं, बसेना. मागाच्या कामात पहिला धडा असतो, बसत नसेल तर ठोकायचं नाही. मी थांबलो. त्यानं लाल बॅटरी डब्यावर धरली. दोनशे साठ.

आपला सात इंग्रजी डोळ्याला सहा दिसतो. हे मला त्या दिवशी कळलं. आणि दोनशे साठ आकड्याची गोळी जगात असते, हेही. नसती तर दुकानातच उलगडा झाला असता.

तो लगेच म्हणाला, "माझी घ्या. मी नुसता बसतो." मी म्हणालो, नको. उजाडलं. धुक्यातून चार हरणं आली, सगळ्यांत पुढं एक मोठी मादी, आमच्यापासून अंगणाएवढ्या अंतरावर येऊन थांबली. कान हलवले. आम्ही दोघं बंदुका मांडीवर घेऊन बसून राहिलो. त्यानंही मारली नाही. ती निघून गेली आणि माझ्या आतलं सगळं वर आलं. चार महिन्यांचं नव्हे, वर्षभराचं.

"तुला साधा आकडा वाचता येत नाही?" मी इंग्रजीत म्हणालो.

तो म्हणाला, "तुमचे आकडे ती वाचायची, बाबा."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मराठीत बोललो. मराठीत बोललो कारण त्याला कळणार नव्हतं. "तुला ना आकडा वाचता आला, ना माझी पोर वाचवता आली."

आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे. अक्षर वाचतात आणि माणूसही वाचतो. मी आयुष्यभर हे दोन्ही बोललो आणि कधी माझ्या ध्यानात आलं नाही की ते एका घरचे आहेत. त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "वाचेल ना, असं विचारायचात तुम्ही. अकरा दिवस. मला तो शब्द येतो."

त्यानं मला घरी आणून सोडलं. रायफल कव्हरासकट आत आणून भिंतीला टेकवून ठेवली, माझी कंबर दुखते म्हणून. "टेक केअर" म्हणाला. बाबा म्हणाला नाही.

माझा हट्ट बघा. कंबर तशीच धरून मी दुपारी ते डबे घेऊन त्या दुकानात गेलो. परत करायला म्हणून, पण खरं तर चूक त्याची आहे हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला. दुकानदार माझ्याच वयाचा. म्हणाला, काडतुसं आम्ही परत घेत नाही. मग डब्याकडं बघून म्हणाला, "लाल दाढीवाल्यानं नेले ना हे? मी त्याला दोनदा विचारलं, नक्की दोनशे साठच का? फार कुणाकडं नसते ही. फोन लावून विचार म्हटलं. तर म्हणाला, चार महिने घालवलेत त्यांनी निवडण्यात. त्यांनी साठ लिहिलं असेल तर साठच. त्यांना दोनदा विचारलेलं आवडत नाही."

मी डबे परत पिशवीत घातले. माझ्या लिहिण्यावर एवढा भरवसा माझ्या बापानंही ठेवला नव्हता.

पुढचं सांगून टाकतो. रायफल माझ्याकडं आहे, कुलुपात आहे, त्यानंतर एकदाही उडवलेली नाही. वर्षातून एकदा तेल देतो, आणि तो वास घरात दोन दिवस राहतो. त्याचं कार्ड डिसेंबरात येतं. गेल्या वर्षीच्या कार्डावर शेजारी एक बाई उभी आहे, चेहरा चांगला आहे तिचा, सोसलेला. मला आनंद झाला, असं मी म्हणतो. काळ जखमा भरतो म्हणतात, मला तसा अनुभव नाही. काळ फक्त माणसं उठवून नेतो आणि आपल्याला खुर्ची सरकवून घ्यायला लावतो. उरतं काय? मला वाटतं, आपण बोललो ते उरतं. ऐकवलं ते नाही, जे खरोखर बोललो तेच, साखरेवाचून.

त्या शनिवारी मी फोन केला नाही. चूक झाली असं म्हणायची आमच्या घरात बापाला सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठलो, अंघोळ केली. कपाटात एक कोरा सोलापुरी टॉवेल होता, तो काढला. आदल्या दिवशी त्या दुकानातून एक टोपी घेतली होती, शिकारीची, भगव्या रंगाची, दुसरी नव्हतीच. आमच्याकडं जावयाला टॉवेल-टोपीचा मान असतो. लग्नात द्यायचा असतो. मी दिला नव्हता. कसाबसा गाडी चालवत त्याच्या घरी पोचलो तेव्हा ट्रक भरून झाला होता आणि तो दोरी आवळत होता. पुढं गेलो, टाचा उंचावल्या आणि टोपी माझ्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल घडीसकट त्याच्या हातात दिला. म्हणालो, "सांभाळून या, जावईबापू." त्याला बाबा कळलं असतं, चहा कळला असता. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि समजावून सांगणारी आता नव्हती. त्यानं टॉवेलाकडे बघितलं, ट्रकच्या काचेकडे बघितलं. काचेवर दव गोठलं होतं. "थँक्स, बाबा," म्हणाला, घडी मोडली आणि काच पुसायला लागला.

मी पुसू दिली. मग वळसा घालून पलीकडं गेलो आणि त्या बाजूची काच माझ्या बाहीनं पुसली.